कर : दोन घरांचा शब्द

रविवारची पुरवणी हाती आली की अनेक घरांत शब्दकोड्यासाठी पेन्सिलीची शोधाशोध सुरू होते. 'हात', दोन अक्षरे. 'किरण', दोन अक्षरे. 'हत्तीची सोंड', 'सरकारी देणे', पुन्हा दोनच अक्षरे. प्रश्न चार, उत्तर मात्र एकच : कर.

हा खेळ आपल्याकडे बाहेरून आला. लिव्हरपूल येथे जन्मलेल्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या पुरवणीत हिऱ्याच्या आकाराचे पहिले शब्दकोडे छापले. त्यात एके ठिकाणी 'पक्षी' आणि दुसऱ्या ठिकाणी 'कबूतर' असे विचारले होते. उत्तर दोन्हीकडे 'डव्ह' हेच होते. एकाच शब्दाकडे दोन वाटांनी जाण्याची गंमत अशी पहिल्याच कोड्यात आढळते.

मराठीत येताना मात्र घरांचा हिशेब बदलला. रोमन लिपीत प्रत्येक वर्णाला वेगळे घर लागते. देवनागरीत काना, वेलांटी, जोडाक्षर सारे एकाच घरात नांदते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या लिपीत मराठी कोडे रचायचे झाले, तर आज दोन घरांत मावणाऱ्या 'ख्रिस्त' या शब्दाला कितीतरी अधिक घरे द्यावी लागतील.

आता हाच 'कर' वाशीम जिल्ह्यातील केनवड गावी नेऊन पाहू. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. त्यांच्या दानपत्रांत दिलेल्या गावांना राजदेण्यांतून मोकळे केल्याचे उल्लेख आहेत. म्हणजे कराची कटकट या भूमीला जुनीच. पण तो 'कर' पुल्लिंगी. वऱ्हाडी घरांत 'ती कर' ही आहे : सण उलटल्यावरचा दुसरा दिवस. संक्रांतीची कर, पोळ्याची कर. आणखी एक 'कर' गावाच्या नावामागे लागतो. केनवडचा माणूस केनवडात केवळ आपल्या नावाने ओळखला जातो. परगावी गेला की लोक त्याला 'केनवडकर' म्हणतात. गाव सुटले म्हणजे गाव नावाला चिकटते!

दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून खंडशः प्रसिद्ध झाला, म्हणून असे कितीतरी अर्थ कागदावर टिकले. तरीही कोशातला अर्थ आणि जिभेवरचा अर्थ यांत अंतर असते. शहरात वाढलेल्या नातवाला हात आणि किरण ठाऊक असतात. 'सणाचा दुसरा दिवस' या सूचनेपाशी मात्र त्याची पेन्सिल थांबते आणि तो आजीकडे वळतो.

त्या क्षणी कोडे आपले खरे काम करते. दोन रिकामी घरे भरण्यासाठी दोन पिढ्या जवळ येतात. विचारणारा आहे आणि सांगणारीही आहे, तोवर शब्द जिवंत राहील. म्हणून पुढच्या रविवारी उत्तरे पाहण्यासाठी पान उलटण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहावे.