गरमरचे मूळ आणि पीयूषिकेतील दाहसंदेश

पीयूषिका ग्रंथीतील दाहकारक रेणूंचे नियंत्रण कसे होते, या प्रश्नाच्या इतिहासात वडोदऱ्याच्या स्वयंपाकघरातील एका मुळालाही स्थान आहे. गुजरातेत गरमरच्या मुळांचे लोणचे घालतात. या वनस्पतीच्या ‘कोलियस फोर्स्कोली’ या शास्त्रीय नावात, अरबस्तानातील वनस्पतींचा अभ्यास करताना १७६३ साली येमेनमध्ये निधन पावलेल्या पीटर फोर्सकल यांची स्मृती आहे.

मुंबईत मुलुंड येथील हेक्स्ट संशोधन केंद्रातील एस. व्ही. भट, एन. जे. डिसूझा व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये या मुळांतील फोर्स्कोलिन हे द्रव्य रक्तदाब उतरविणारे म्हणून जगापुढे आणले. त्याचे खरे मोल १९८१ मध्ये अमेरिकेत सीमन, पॅजेट व डॅली यांनी दाखविले. संप्रेरक पेशीवरील ग्राहीला जोडले गेले की अनेकदा अ‍ॅडेनिलेट सायक्लेज हे विकर ‘चक्रीय एएमपी’ हा संदेशवाहक तयार करते. त्याच्या शोधासाठी अर्ल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. फोर्स्कोलिन ग्राहीला वगळून या विकराला थेट चेतविते. त्यामुळे ग्राहीनंतरचा मार्ग स्वतंत्रपणे तपासता येऊ लागला. पीयूषिकेच्या अभ्यासातही ते उपयोगी पडले.

अग्र पीयूषिकेतील फॉलिक्युलो-स्टेलेट पेशी इंटरल्यूकिन-६ तयार करतात, हे १९८९ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी दाखविले. पेशीत चक्रीय एएमपी वाढले की त्याची निर्मितीही वाढते, हे १९९० मध्ये स्पँगेलो व सहकाऱ्यांनी सिद्ध केले. हा रेणू एसीटीएचचे स्रवण वाढवितो. त्यातून अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसोल वाढते आणि दाह आवरला जातो. हा समतोल ढळल्यास साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून संप्रेरकांचा धडा शिकविताना स्टॉकहोमबरोबर मुलुंडचाही उल्लेख व्हावयास हवा.