काळ्या वाळूची तीन युगे

केरळमधील कोल्लमजवळच्या चवरा किनाऱ्यावरील वाळू काळसर दिसते. तिच्यातील मोनाझाइट या खनिजात थोरियम आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये असतात. गेल्या शतकभरात ही वाळू तीनदा नव्याने मौल्यवान ठरली.

१९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या कणांत मोनाझाइट आढळले. गॅसबत्तीच्या मॅन्टलसाठी तेव्हा थोरियम ऑक्साइड लागत असे. विजेचे दिवे आले आणि ही मागणी ओसरली.

हिरोशिमानंतर चित्र पालटले. न्यूट्रॉन शोषून थोरियमचे युरेनियम-२३३ या विखंडनक्षम इंधनात रूपांतर होते. त्यामुळे वाळू अचानक सामरिक साधनसंपत्ती बनली. जून १९४७ मध्ये दिवाण सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी त्रावणकोर स्वतंत्र राहील असे घोषित केले. त्या आत्मविश्वासामागे हे खनिजही होते. जुलैअखेर संस्थान भारतात सामील झाले. पुढे १९४८ चा अणुऊर्जा कायदा झाला, १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्‌स’ ही कंपनी स्थापन झाली आणि मोनाझाइट शासनाच्या नियंत्रणात आले.

आज थोरियमपेक्षा चर्चा आहे ती निओडिमियमची. विद्युत मोटारी, ड्रोन आणि क्षेपणास्त्रे यांना शक्तिशाली चुंबके लागतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, तेव्हा आपले परावलंबित्व उघडे पडले. त्या सातांतील डिस्प्रोशियम व टर्बियम आपल्या मोनाझाइटमध्ये अत्यल्प आहेत. म्हणजे किनारा कितीही खणला तरी ही उणीव भरून निघणार नाही.

या इतिहासात किनाऱ्यावरील माणूस क्वचितच दिसतो. करुनागप्पल्ली येथील दीर्घकालीन अभ्यासात नैसर्गिक किरणोत्सारामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. तेथील रहिवाशांची मुख्य तक्रार वेगळीच आहे: जमीन समुद्रात जाते. समुद्र आणि कालवा यांमधील अरुंद पट्टीवर वसलेल्या आलप्पाड गावाने २००४ ची त्सुनामी सोसली आणि २०१८-१९ मध्ये वाळूउपशाविरुद्ध आंदोलन केले. धूप नेमकी कशामुळे होते, यावर वाद आहे. असे वाद पुराव्यानिशी मांडण्याची जागा म्हणजे जनसुनावणी. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजे व महत्त्वाच्या खनिजांच्या खाणप्रकल्पांना तिच्यातून सूट दिली. संरक्षणाची निकड हे त्यामागील एक कारण होते.

देशाची सुरक्षा आवश्यकच आहे. परंतु किनारा हीसुद्धा देशाची सीमाच आहे. ती खचत असेल, तर तिथे राहणाऱ्यांचे म्हणणे ऐकणे हाही संरक्षण धोरणाचाच भाग मानला पाहिजे.