बेथोव्हेनच्या बहिरेपणातील नाद

संगीतकार बेथोव्हेनचा बहिरेपणा म्हणजे निव्वळ निःशब्दता, ही समजूत त्याच्या १८०२ मधील हाइलिगेनश्टाट मृत्युपत्रामुळे दृढ झाली असावी. दूरची बासरी शेजारी उभ्या असलेल्यास ऐकू येते, आपणांस नाही, ही व्यथा त्यात आहे. कर्णनादाचा मात्र उल्लेखही नाही. तो आढळतो २९ जून १८०१ रोजी व्हेगेलर या वैद्यमित्रास लिहिलेल्या पत्रात. कान अहोरात्र घोंघावतात, वरच्या पट्टीतील स्वर दुरून ऐकू येत नाहीत, हळू बोललेले शब्द उमगत नाहीत, आणि कोणी ओरडल्यास ते असह्य होते, असे तो कळवितो. वैद्यास माणूस लक्षणे सांगतो, बंधूंस दुःख. मृत्युपत्र बंधूंस उद्देशून होते.

त्याच्या बहिरेपणाच्या मूळ कारणाविषयी मतभेद आहेत. तथापि आजच्या श्रवणशास्त्रानुसार ही लक्षणे परस्परांशी निगडित होत. कानाकडून मेंदूस पोहोचणारे संदेश घटले म्हणजे मेंदूतील श्रवणमार्ग आपली संवेदनक्षमता वाढवितो, आणि बाहेर नसलेला नाद भासू लागतो. नाद हे येथे श्रवणऱ्हासाचे कारण नव्हे, बहुधा परिणाम होय.

लोकांपुढे प्रथम आले ते मात्र मृत्युपत्र, बेथोव्हेनच्या निधनाच्या वर्षीच, १८२७ मध्ये. व्हेगेलरने जपलेले पत्र छापले गेले १८३८ साली.