बऱ्हाणपूरकर: आडनावातले शहर

आयरिश आडनावातला 'ओ' किंवा 'मॅक' पूर्वजाकडे बोट दाखवतो, मराठी 'कर' गावाकडे. बऱ्हाणपूरकर या आडनावात मात्र गावाच्या आड एक माणूसही आहे. १४०० च्या सुमारास नासिरखान फारुकीने तापीकाठी हे शहर वसवले आणि त्याला सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. त्यांची कबर आहे खुलदाबादला. मराठी बऱ्हाणपूरकर आणि दाऊदी बोहऱ्यांतले बुऱ्हाणपूरवाला, दोघेही त्याच संताचे नाव पिढ्यान्‌पिढ्या वागवतात. हे आडनाव शहर सोडल्यावरच जडले असावे. खुद्द बऱ्हाणपुरात सगळेच तिथले, मग त्याने कोणाची ओळख पटणार? कोणी म्हणेल, कोकणात गावातच राहणारी घराणीही त्याच गावाचे 'कर' असतात. खरे आहे, पण तिथे खोती-वतनाने घराणे गावाशी बांधलेले असे. बऱ्हाणपूर १६०१ पासून मोगलांच्या खानदेश सुभ्याचे ठाणे आणि तलम कापडाची मोठी पेठ होते. अशा पेठेतून सराफ, विणकर, कारकून बाहेर पडणे साहजिकच. म्हणून दोन बऱ्हाणपूरकर घरे एका कुळातली धरणे चूक ठरते. नाते ठरवायचे तर गोत्र, कुलदैवत आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्या लागतात.