राजाची तिजोरी, संसदेची किल्ली

१/ इंग्लंडच्या राजांची सत्ता नेमकी केव्हा ओसरली? ठरलेली उत्तरे दोन: १२१५ ची मॅग्ना कार्टा किंवा १६४९ मधला चार्ल्स पहिला याचा शिरच्छेद. परंतु सनदेनंतर चार शतके राजे बलाढ्यच राहिले आणि शिरच्छेदानंतर अकरा वर्षांत राजेशाही परतही आली. मग पारडे कायमचे फिरले ते कशामुळे? उत्तर एका रुक्ष तपशिलात दडले आहे: राजाला दिलेल्या पैशाला मुदत होती की नव्हती? आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ मध्ययुगात अपेक्षा अशी की, राजाने स्वतःच्या जमिनी, सरंजामी देणी आणि जकात यांवर राज्य चालवावे. शांततेत ते कसेबसे जमे. युद्ध आले की तिजोरी आटे. १२०४ मध्ये नॉर्मंडी गमावलेल्या जॉन राजाने ती परत मिळवण्यासाठी उमरावांना पिळून काढले. त्यांनी बंड करून १२१५ मध्ये रनिमीड येथे त्याच्याकडून सनद घेतली. तिच्या १२ व्या कलमानुसार राज्याच्या सामुदायिक सल्ल्यावाचून राजाने विशेष कर घ्यावयाचा नव्हता.

३/ सनद १२१६ मध्ये पुन्हा काढली गेली, तेव्हा हेच कलम वगळण्यात आले! तरीही गरज उरलीच. १२६५ मध्ये सायमन द माँटफर्टने परगण्यांतील सरदारांबरोबर शहरांचे प्रतिनिधीही सभेस बोलावले. १२९५ मध्ये युद्धखर्चाने ग्रासलेल्या एडवर्ड पहिल्यानेही तेच केले आणि १२९७ मध्ये संमतीवाचून असे कर न घेण्याचे त्याला मान्य करावे लागले.

४/ यातून एक व्यवहार रूढ झाला: आधी आमची गाऱ्हाणी ऐका, मग पैसा घ्या. १४०७ मध्ये, हेन्री चौथ्याच्या काळात, कराची मंजुरी कॉमन्स सभागृहातून सुरू व्हावी हेही मान्य झाले. मात्र एक दुबळेपणा लक्षात ठेवा. पार्लमेंट ही तेव्हा कायम चालणारी संस्था नव्हती, तो एक प्रसंग होता. राजा बोलावील तेव्हा भरायचे आणि तो सांगेल तेव्हा उठायचे. ज्याला पैसा नको, त्याला पार्लमेंटही नको.

५/ ट्यूडर राजांनी हे पुरते ओळखले होते. हेन्री आठव्याने रोमशी नाते तोडताना पार्लमेंटचे कायदे हत्यारासारखे वापरले, मठांच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि युद्धांसाठी त्यांतील बऱ्याच विकूनही टाकल्या. कायद्याची प्रतिष्ठा वाढली. राजघराण्याचे स्वतःचे उत्पन्न मात्र पुढे तोकडे पडत गेले. एलिझाबेथ पहिलीच्या सुमारे ४५ वर्षांच्या कारकिर्दीत अधिवेशने झाली अवघी १३.

६/ १६२५ मध्ये चार्ल्स पहिला गादीवर आला. नव्या राजाला विशिष्ट जकाती तहहयात देण्याचा जुना प्रघात होता. कॉमन्सने त्या एका वर्षापुरत्याच देऊ केल्या. चार्ल्सने मंजुरीची वाट न पाहता वसुली चालू ठेवली. १६२८ मध्ये त्याला ‘पिटिशन ऑफ राइट’ स्वीकारावी लागली: संमतीवाचून कर नाही, कारण न सांगता कैद नाही. पुढच्याच वर्षी सभा उठवण्याचा हुकूम आला, तेव्हा सभासदांनी सभापतींना खुर्चीत दाबून धरले आणि निषेधाचे ठराव संमत केले.

७/ त्यानंतर अकरा वर्षे पार्लमेंट भरलेच नाही. पैसा आला तो जुन्या हक्कांच्या आडून. किनाऱ्यावरील गावांनी संकटकाळी आरमारासाठी द्यावयाचा ‘जहाजकर’ राजाने १६३५ पासून समुद्राचे दर्शनही नसलेल्या परगण्यांवर लादला. जॉन हँपडन या जमीनदाराने २० शिलिंग देण्यास नकार दिला. १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाच्या बाजूने, ५ विरुद्ध. राजा खटला जिंकला. पण त्याची बाजू किती लंगडी आहे हे देशाला दिसले.

८/ हा डोलारा एका युद्धाने कोसळला. १६३७ मध्ये चार्ल्सने स्कॉटलंडवर नवे प्रार्थनापुस्तक लादले. स्कॉट लोक उठले. फौजेसाठी पैसा हवा, म्हणून एप्रिल १६४० मध्ये पार्लमेंट बोलावले आणि तीन आठवड्यांत बरखास्त केले. नोव्हेंबरात पुन्हा बोलावणे भाग पडले. या वेळी सभासदांनी राजाची निकड ओळखली होती. आपल्या संमतीवाचून हे पार्लमेंट विसर्जित होणार नाही, असा कायदाच त्यांनी १६४१ मध्ये करून घेतला. जहाजकरही बेकायदा ठरला.

९/ ४ जानेवारी १६४२. पाच सभासदांना पकडण्यासाठी चार्ल्स सशस्त्र शिपायांसह कॉमन्समध्ये शिरला. पाचही जण आधीच निसटले होते. ते कोठे आहेत, असे विचारताच सभापती विल्यम लेंथॉल गुडघ्यांवर बसून म्हणाले, हे सभागृह सांगेल त्याखेरीज मला पाहण्यास डोळे नाहीत आणि बोलण्यास जीभ नाही. काही महिन्यांतच यादवी युद्ध पेटले. ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला.

१०/ म्हणजे पार्लमेंट जिंकले? नाही. युद्धासाठी त्याने स्वतःच जबर कर बसवले होते. त्या पैशावर उभी राहिलेली फौज पार्लमेंटलाच भारी पडली. १६५३ मध्ये क्रॉमवेलने सैनिक आणून उरलेसुरले सभागृह रिकामे केले. राजा नसला तरी ज्याच्या हाती फौज, त्याच्या हाती सत्ता, हा धडा मिळाला.

११/ १६६० मध्ये चार्ल्स दुसरा परतला. त्याला वर्षाकाठी १२ लाख पौंड उत्पन्न ठरवून दिले गेले. सुरुवातीस तेवढे जमलेच नाही. येथे आपल्या मुंबईचा धागा जुळतो. पोर्तुगालच्या कॅथरीनशी ठरलेल्या विवाहात आंदण मिळालेले हे बेट सांभाळणे खर्चाचे ठरले, तेव्हा राजाने ते १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. पुढे फ्रान्सच्या लुई चौदाव्याकडून गुप्तपणे पैसा घेऊन आणि वाढत्या जकातीच्या आधाराने त्याने अखेरची चार वर्षे पार्लमेंटवाचून काढली.

१२/ आता सर्वांत महाग पडलेली चूक. १६८५ मध्ये जेम्स दुसरा राजा झाला. राजनिष्ठेच्या भरात पार्लमेंटने त्याला भरघोस उत्पन्न तहहयात देऊन टाकले. व्यापार तेजीत होता, तिजोरी भरू लागली. त्याने कायमची फौज वाढवली. कॅथलिकांच्या नेमणुकांवर पार्लमेंटने हरकत घेताच त्याच वर्षी नोव्हेंबरात अधिवेशन थांबवले, ते पुन्हा भरवलेच नाही. कायदे तेच, सनदाही त्याच. पण त्या दाखवण्यासाठी सभागृहच भरत नव्हते.

१३/ १६८८ मध्ये विल्यम ऑफ ऑरेंज सैन्यासह उतरला आणि जेम्स पळाला. १६८९ च्या ‘बिल ऑफ राइट्स’ने संमतीवाचून कर आणि शांततेच्या काळात फौज बेकायदा ठरवली. परंतु खरी मेख पुढे आहे. १६९० मध्ये विल्यम आणि मेरी यांना जकात मिळाली ती फक्त चार वर्षांसाठी. फौजेत शिस्त राखण्यासाठी लागणारा कायदाही अल्प मुदतीचा. तो पुन्हा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागे. १६८९ पासून पार्लमेंट दरवर्षी भरत आले आहे. प्रसंगाची संस्था झाली ती अशी.

१४/ गंमत अशी की, बांधलेल्या राजाचे राज्य अधिक बलाढ्य झाले. राजाने घेतलेले कर्ज राजाच्या लहरीवर बुडू शके. पार्लमेंटने हमी दिलेल्या कर्जावर सावकारांचा विश्वास बसू लागला. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली ती फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी सरकारला कर्ज देण्यासाठीच. १७०१ च्या कायद्याने तर पुढची गादी कोणाची, हेही पार्लमेंटने ठरवले.

१५/ मग राजाचे अधिकार हळूहळू गळत गेले. विधेयक नाकारणारी अखेरची सत्ताधीश म्हणजे १७०८ मधील राणी ॲन. १८३४ मध्ये विल्यम चौथ्याने मेलबर्नचे मंत्रिमंडळ घालवले. काही महिन्यांत त्याच मेलबर्नला परत बोलवावे लागले. मात्र ‘पार्लमेंट’ म्हणजे ‘जनता’ असे समजू नका. १८३२ च्या सुधारणेनंतरही बहुसंख्य पुरुषांना मत नव्हते. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीचा मताधिकार मिळाला तो १९२८ मध्ये.

१६/ आणि राजाचे अधिकार गेले कोठे? पुष्कळसे नष्ट झाले नाहीत. ते राजाच्या नावाने मंत्री वापरू लागले. २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्याने राणीने पार्लमेंटचे अधिवेशन पाच आठवडे स्थगित केले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी ते एकमताने बेकायदा ठरवले. सभागृह भरूच न देण्याची चार्ल्स आणि जेम्सची युक्ती आता निवडून आलेल्या सरकारच्या हाती होती.

१७/ भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकारावाचून कर नाही. अनुच्छेद ११२ नुसार अंदाजपत्रक दरवर्षी संसदेपुढे मांडावे लागते. अनुच्छेद ८५ नुसार दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये. १६२९ आणि १६८५ आठवले की या कोरड्या कलमांचा अर्थ उलगडतो. सनदेने हक्क मिळतो. पण तो बजावता यावा म्हणून राज्यकर्त्याला पुन्हा पुन्हा सभागृहाच्या दारी यावे लागेल, अशी तजवीज करावी लागते. पुढचे अंदाजपत्रक मांडले जाईल, तेव्हा हँपडनचे २० शिलिंग जरूर आठवा.