तालमीतला फुटबॉल

आमच्या नगर जिल्ह्यातलं शनिशिंगणापूर दारं नसलेल्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. घराला चौकट असते, कवाड नसतं. मला त्यावरून फुटबॉलचा गोल आठवतो. तीही बिनकवाडाची चौकटच. फक्त ती राखायला माणूस उभा करावा लागतो. महाराष्ट्रात या चौकटीवर जीव टाकणारं गाव म्हणजे कोल्हापूर.

फुटबॉल आपल्याकडे इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक सुरू झाला आणि अनेक वर्षं गोऱ्या पलटणीच तो पटकावत राहिल्या. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या भारतीय संघानं तो प्रथमच जिंकला.

कोल्हापूरची वाट मात्र वेगळी. तिथं राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला. १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांतल्या तालमी गजबजल्या. पुढं याच तालमींनी फुटबॉल आपलासा केला. संघांची नावंच पाहा ना : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘केएसए’, शाहू स्टेडियमवर त्यांची साखळी स्पर्धा भरवते. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

तालीम म्हणजे केवळ आखाडा नव्हे. कोल्हापुरातल्या कित्येक तालमींत गणपती बसतो, तसा मोहरमचा पंजाही बसतो. बाबूजमाल तालमीचा नाल्या हैदर पंजा तर सर्वांच्या परिचयाचा. २०१९ मध्ये दोन्ही सण एकत्र आले, तेव्हा काही तालमींत दोघं शेजारी बसले. माझ्यासारख्या मराठी मुसलमानाला हे अप्रूप वाटत नाही, आधार वाटतो. ७ जून २०२३ रोजी याच शहरात समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून दगडफेक झाली, तेव्हा या आधाराची किंमत कळली.

दगड स्टेडियममध्येही उचलले गेले आहेत. तिथं कारण धर्म नव्हे, पेठेची ईर्ष्या. ज्या ईर्ष्येनं हा खेळ वाढवला, तीच कधी कधी त्याच्या मुळावर येते. समर्थकांनी निदान एवढं ध्यानात ठेवावं : आपला संघ तालमीतून आला आहे, आणि तालमीतला पैलवान सलामी दिल्याशिवाय पकड घेत नाही.