गॅसबत्तीच्या मँटलमधला किरणोत्सारी पदार्थ : थोरियम डायऑक्साइड

खेडोपाडी वीज पोहोचण्याआधी वरातीत, जत्रेत आणि तमाशाच्या फडात गॅसबत्ती असायची. तिचा पांढराशुभ्र उजेड प्रत्यक्ष ज्वाळेचा नसे. ज्वाळेभोवतीची छोटी जाळी, म्हणजे मँटल, तापून तो उजेड पडे. हे मँटल मुख्यतः थोरियम डायऑक्साइडचे असे. थोरियमच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन अणू असलेले हे पांढरे संयुग किरणोत्सारी आहे.

ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी १८९१ साली त्याचा नुस्खा बसवला : ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. नुसत्या थोरियमचा उजेड मंद पडतो. खरी चमक त्या एका टक्क्याने येते. कापडी जाळी या धातूंच्या नायट्रेटच्या द्रावणात भिजवून वाळवत. पहिल्यांदा पेटवल्यावर कापड जळून जाई, नायट्रेटचे ऑक्साइड होई आणि जाळीच्या आकाराचा राखेचा सांगाडा उरे. म्हणूनच पेटवून झालेल्या मँटलला बोट लागले की त्याचा भुगा होतो. थोरियम किरणोत्सारी आहे हे मात्र १८९८ साली कळले, तोवर मँटल बाजारात आले होते.

हा सांगाडा ज्वाळेत टिकतो कसा? थोरियम आपले बाहेरचे चारही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन बसतो, आणखी द्यायला काही उरत नाही. युरेनियम डायऑक्साइड हवेत तापवले तर आणखी ऑक्सिजन घेऊन बदलते. थोरियमचे ऑक्साइड आहे तसेच राहते. ते वितळते सुमारे ३,३०० अंश सेल्सियसला. पाण्यात ते विरघळत नाही आणि आम्लांनाही सहसा दाद देत नाही.

केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम भरपूर असल्याने भारताच्या अणुकार्यक्रमात हे ऑक्साइड महत्त्वाचे आहे. अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषून थोरियमपासून युरेनियम-२३३ हे इंधन तयार होते. कल्पाक्कमची छोटी ‘कामिनी’ अणुभट्टी त्यावरच चालते. पण ते इंधन वेगळे काढायचे तर आधी ऑक्साइड विरघळवावे लागते. त्यासाठी नायट्रिक आम्लात थोडे हायड्रोफ्लोरिक आम्ल घालतात, आणि ते यंत्रसामग्रीचे पोलादही खाते.

याच चिवटपणाने माणसांचे जीव घेतले. १९३०च्या सुमारास ‘थोरोट्रास्ट’ नावाचे औषध आले. त्यात या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असत. थोरियमचा अणू जड असल्याने क्ष-किरण अडतात आणि रक्तवाहिन्या फोटोत स्पष्ट दिसतात. टोचल्यावर रुग्णाला लगेच त्रासही होत नसे, त्यामुळे डॉक्टरांचा विश्वास बसला. पण न विरघळणारे कण शरीराबाहेर पडलेच नाहीत. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत साठून वर्षानुवर्षे अल्फा कण सोडत राहिले. थोरियमचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे, म्हणजे रुग्णाच्या हयातीत ते जराही कमी होण्याची शक्यता नव्हती. वीस-तीस वर्षांनी अनेकांना यकृताचा कर्करोग झाला. १९५०च्या दशकात वापर थांबत गेला, पण जर्मनी, डेन्मार्क, जपानमधील रुग्णांचा मागोवा पुढे कित्येक दशके घ्यावा लागला.

अल्फा कण त्वचेतून आत शिरत नाहीत, त्यामुळे माळ्यावर पडलेल्या जुन्या मँटलची भीती बाळगायला नको. धोका त्याची राख श्वासातून किंवा तोंडावाटे पोटात जाण्याचा. फुटलेले मँटल मुलांच्या हाती देऊ नये, राख फुंकू नये, ओल्या कापडाने टिपून घ्यावी. आता अनेक मँटलांमध्ये थोरियमऐवजी इट्रियम वापरतात.